मेस्त्रीच्या हाताखालून संगणकाकडे: कोडोली परिसरातील आरेखनशिक्षण

संगणकाच्या साहाय्याने यंत्रभागांचे किंवा इमारतींचे आराखडे तयार करण्याच्या तंत्राला कॅड म्हणतात, आणि पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या परिसरात हे तंत्र शिकणाऱ्याला मार्गदर्शन कोठून मिळत गेले, याचा मागोवा कोल्हापूरच्या ओतकाम व्यवसायापासूनच घ्यावा लागतो. ऑइल इंजिने घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या कारागिरांपासून सुरू होऊन पुढे शिवाजी उद्यमनगरात विस्तारलेल्या या परंपरेत आरेखन कागदाइतकेच लाकडातही होत असे. ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, सुतार घडवत. वितळलेले बीड थंड होताना दर मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न त्या प्रमाणात मोठा ठेवावा लागे आणि वाळूच्या साच्यातून तो अलगद निघावा यासाठी त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागे. ही जाण मेस्त्रीच्या हाताखाली राहूनच येई, आणि काम अडले तर विचारायचे तेही त्यालाच.

कागदावरील आरेखनाचे औपचारिक शिक्षण पश्चिम महाराष्ट्रात १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाइतके जुने आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे, म्हणजे आयटीआयचे, जाळे उभे राहिले व त्यांत आरेखकाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला. टी-स्क्वेअर, गुणिये आणि ट्रेसिंग कागद वापरून वस्तूचे समोरचे, वरचे व बाजूचे दृश्य काढण्याची पद्धत तेथे शिकवली जाई. मात्र एन. डी. भट्ट यांच्या ग्रंथासारखी प्रचलित पाठ्यपुस्तके इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा खरा आधार शिक्षकच राहिला.

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत ‘स्केचपॅड’द्वारे पडद्यावर आरेखन करून दाखवले असले, तरी वैयक्तिक संगणकावर चालणारे ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आल्यावरच हे तंत्र लहान कार्यशाळांच्या आवाक्यात येऊ लागले. याच सुमारास, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी चळवळीतून साखर कारखान्याभोवती वाढलेल्या, कोडोलीलगतच्या वारणानगरात त्यांच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले आणि उच्च तंत्रशिक्षण ऊसपट्ट्यातील कुटुंबांच्या दारापाशी आले. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा मुख्य उपयोग उसाच्या नोंदींसाठी झाला, तरी संगणक हे गावातलेच साधन होऊ शकते, ही कल्पना त्याने पुढे आणली.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची प्राथमिक ओळख मराठीतून गावोगावी पोहोचवली, तर मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. फ्रीकॅडसारख्या विनामूल्य प्रणालींमुळे परवान्याच्या खर्चाची अडचणही कमी झाली.

या साऱ्या वाटचालीतून शिकणाऱ्याला दोन प्रकारच्या मदतीची गरज असते, हे स्पष्ट होते. कोणती आज्ञा कोठे आहे हे सांगणारी मदत आता विपुल आहे. परंतु त्रिमितीय प्रारूपाला उतार देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असली, तरी विशिष्ट ओतीव भागाला तो किती द्यावा, जाड व पातळ भिंतींची सांधणी कशी करावी आणि कोणत्या पृष्ठभागावर यंत्रकामासाठी जादा धातू ठेवावा, याचा निर्णय अनुभवी पॅटर्नकार आणि ओतकाम करणारेच देऊ शकतात. त्यांचे हे ज्ञान बव्हंशी तोंडी राहिलेले आहे, आणि जुनी पिढी निवृत्त होत असताना ते मराठीत, मापांसह आणि आकृत्यांसह नोंदवून महाविद्यालयांच्या व आयटीआयच्या अभ्यासक्रमात आणणे हे या परिसरातील तंत्रशिक्षणाचे सर्वांत निकडीचे काम आहे.