ऐकणारे यंत्र आणि जागणारा माणूस

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवा नोकर राहावयास आला आहे. तो खिशातल्या फोनात राहतो, नाहीतर फळीवरच्या लहानशा डब्यात. हाक मारली की ओ देतो, विचारले तर हवामान सांगतो, सांगितले तर गाणे लावतो. श्रोतेहो, तो ओ देतो याचे आपण कौतुक करतो. पण हाक येण्यापूर्वी तो काय करीत असतो, हे कोणी विचारीत नाही. ज्याचे आयुष्य हजेरी आणि पाळ्या यांच्या भांडणांत गेले, त्या माझ्यासारख्या माणसाला मात्र हाच प्रश्न आधी सुचतो. जागे कोण राहते, आणि त्या जागरणाची किंमत कोण मोजतो?

१९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते माणसाच्या तोंडचे शून्य ते नऊ एवढेच आकडे ओळखी. तेही त्या माणसाच्या उच्चारांशी जुळवून घेतल्यावर. एवढ्या कामाला सहा फूट उंचीचे सामान आणि भरपूर वीज लागे. पुढे १९६२ च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात आय.बी.एम. कंपनीने ‘शूबॉक्स’ लोकांपुढे मांडला. त्याला सोळा शब्द समजत, आणि तोंडाने सांगितलेली बेरीज-वजाबाकी तो करवून घेई.

स्पर्शाची वाट निराळी होती. १९६५ साली इंग्लंडातील माल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिचा उपयोग विमानांच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवण्यासाठी व्हावा, असा हेतू होता. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ संस्थेपुढे अशीच अडचण आली. तेथल्या एका प्रचंड यंत्राच्या नियंत्रणकक्षात हजारो बटणे लावावी लागली असती. त्याऐवजी बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी १९७० नंतरच्या दशकात स्पर्शाचे पडदे सिद्ध केले.

ही सगळी यंत्रे भिंतीतल्या विजेवर चालणारी. काटकसरीचा प्रश्न उभा राहिला तो यंत्र खिशात आल्यावर. ‘पाम पायलट’ बाजारात येण्यापूर्वी त्याचे जनक जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडत आणि प्रसंग येताच तो काढून टिपण घेण्याचा बहाणा करीत. १९९६ साली आलेले हे यंत्र दोन लहानशा सेलवर आठवडेच्या आठवडे चाले. पडद्यावर लेखणी टेकली की ते कामाला लागे. दोन टेकण्यांच्या मधल्या वेळात डुलकी घेई.

स्पर्शाला हे जमते, आवाजाला जमत नाही. बोटाचा स्पर्श म्हणजे दाराची कडी. ती वाजल्यावर उठले तरी चालते. परंतु हाक ओळखायची, तर ती येण्यापूर्वीपासून ऐकत बसले पाहिजे. ऐकत बसणे म्हणजे जागे राहणे, आणि जागे राहणे म्हणजे बॅटरी खाणे. ॲमेझॉनचा ‘इको’ २०१४ साली आला तो भिंतीतल्या विजेवर, म्हणून तो निर्धास्त जागू शकला. त्याच वर्षी ॲपलच्या फोनातील ‘सिरी’ हाकेला ओ देऊ लागली, पण फोन चार्जिंगला लावलेला असेल तरच! २०१५ साली ही अट सुटली. ती कशी सुटली, हे पाहण्यासारखे आहे. मुख्य प्रोसेसर झोपलेला ठेवायचा आणि एक लहानसा, अगदी थोडी वीज खाणारा प्रोसेसर पहाऱ्यावर बसवायचा. त्याला एकच वाक्य ओळखता येते. ते ऐकल्यासारखे वाटले की तो मोठ्याला उठवितो, आणि मोठा पुन्हा खात्री करून घेतो. मालक माडीवर झोपलेला आणि दारात पहारेकरी जागा, अशी ही जुन्या वाड्याचीच व्यवस्था आहे.

पण पहारेकऱ्याला भास होतात. कोणी हाक मारलेली नसताना यंत्र जागे होते आणि घरातले बोलणे नोंदले जाते. २०१९ साली वृत्तपत्रांनी आणखी एक गोष्ट उघड केली. ॲमेझॉन, गूगल, ॲपल या कंपन्यांच्या यंत्रांनी टिपलेले काही बोलणे माणसे ऐकत होती. यंत्राने बरोबर ऐकले की चूक, हे तपासण्याचे काम त्यांच्याकडे होते. बोभाटा झाल्यावर ॲपलने हे काम थांबविले व क्षमा मागितली. आयर्लंडमधील कॉर्क येथे तीनशेहून अधिक कंत्राटी कामगारांचे काम गेल्याच्या बातम्या आल्या. ज्यांचे बोलणे ऐकले गेले त्यांना ऐकणारे ठाऊक नव्हते. आणि कंपनीची चूक पुरती निस्तरण्यापूर्वीच ऐकणाऱ्यांना घरी बसविण्यात आले.

२०१८ पासून गूगलचा असा मदतनीस मराठीतही बोलतो. ज्याला अक्षरओळख नाही, ज्याची दृष्टी गेली आहे, त्याला हे मोठे साहाय्य आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. परंतु यंत्र भाषा शिकते ती माणसांच्या नोंदविलेल्या बोलण्यावरून, आणि ते बोलणे शब्दशः लिहून काढणारे हात माणसांचेच असतात.

यंत्राचा एक कणही वाया जाऊ नये म्हणून विद्वानांनी रात्री जागविल्या. कोणी किती वेळ झोपावे, कोणाला केव्हा उठवावे, याचा चोख हिशेब त्यांनी मांडला. त्याच हिशेबाच्या वहीत आणखी दोन रकाने हवेत: माझ्या घरातले कोण ऐकतो हे मला कळावे, आणि जो ऐकतो त्याला कायम नोकरी व रास्त वेतन मिळावे. बॅटरीची कदर करणाऱ्या युगाला माणसाची कदर जड जाऊ नये.