अजिंठ्याची आम्रपाली

बदलापुराजवळ अंबरनाथ येथें शके ९८२ मधील शिवालय उभें आहे. त्याच्या भिंतींवरील स्त्रीमूर्तींचे अलंकार डोळे भरून पाहावे. परंतु त्यांच्या वस्त्रांचा रंग कोणता, पोत कोणता, हें पाषाण सांगत नाहीं. प्राचीन वेषाचा शोध घेणाऱ्याला त्यासाठीं अजिंठ्याकडेच वळावें लागतें.

अजिंठ्याशीं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचा संबंध जुना आहे. जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत तेथील विद्यार्थ्यांकडून लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृति करविल्या. त्यांतील बऱ्याच पुढें लंडनमध्यें आगींत नष्ट झाल्या. काम निष्ठेचें होतें. पण भिंतीवरचें चित्र कापडावर उतरविणें, एवढाच त्याचा हेतु. तें चित्र चालत्याबोलत्या देहावर चढविण्याचें धाडस याच शाळेच्या एका विद्यार्थिनीनें पुढें केलें.

भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानु अथैया, यांचा जन्म १९२९ सालीं कोल्हापुरास झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. त्यांचें छत्र लवकर हरपलें. मुंबईंत शिकून भानुमतींनीं चित्रकार म्हणून आरंभ उत्तम केला. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं. परंतु 'ईव्हज वीकली' या नियतकालिकासाठीं वेषांचीं रेखाटनें करतां करतां त्या कपडे बेतूं लागल्या, आणि कुंचला मागें पडला. एक चित्रकर्ती शिंप्याच्या कात्रीपायीं वाया गेली, असें कोणासही वाटावें.

त्याचें उत्तर १९६६ सालीं मिळालें. लेख टंडन यांच्या 'आम्रपाली' चित्रपटासाठीं त्या अजिंठ्यास गेल्या. तेथें काय नाहीं? पट्ट्यापट्ट्यांचीं अधोवस्त्रें, अंगकांति न लपविणारें तलम कापड, मोत्यांचे सर. पहिल्या लेण्यांतील महाजनक जातकाच्या नर्तकीच्या अंगांत तर चक्क बाह्यांची चोळी! मात्र चित्रांतली नर्तकी जागची हलत नाहीं. वैजयंतीमाला यांना नाचावयाचें होतें. नुसती नक्कल येथें निरुपयोगी. वस्त्र अंगावर ठरलें पाहिजे, आणि तरी नुसतें लपेटल्यासारखें दिसलें पाहिजे. चित्रकाराची नजर व बेतणाऱ्याचा हात, दोन्ही येथें लागतात.

इतिहासाचा काटा लावला तर आक्षेप निघतोच. आम्रपाली बुद्धकालीन वैशालीची. अजिंठ्याचीं बहुतेक चित्रें इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील. मध्यें सुमारें १००० वर्षें गेलीं. पण तिच्या काळचें एकही रंगचित्र उरलेलें नाहीं. मग कल्पनेनें आधार घ्यावा तरी कोठें? चित्रपट धंद्यांत पडला. वेष मात्र टिकला, इतका कीं प्राचीन नर्तकी म्हटली कीं प्रेक्षकांना तोच आठवूं लागला.

'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठीं जॉन मोलो यांच्यासह १९८३ सालीं त्यांना ऑस्कर मिळालें. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्यामागें त्या पुतळीची नीट जपणूक होईल, असा भरंवसा त्यांना येथें वाटला नाहीं. २०१२ सालीं त्यांनीं ती अमेरिकेंतील अकादमीकडे परत पाठविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.