डोंगर (सह्याद्रीतील भूरूपे आणि त्यांची नावे)

डोंगर : भोवतालच्या जमिनीपेक्षा ठळकपणे उंच उठलेले, उतार व माथा असलेले भूरूप. टेकडी, डोंगर आणि पर्वत यांच्यात उंचीची सर्वमान्य सीमा नाही. बोली मराठीत पायथ्यापासून दिसणारा उठाव पाहिला जातो. पुण्याची वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मी. उंच असूनही टेकडीच, कारण शहरच साडेपाचशे मीटरच्या आसपास वसले आहे. कर्नाळा तिच्याहून बराच ठेंगणा, तरी तो डोंगर. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) हाही गावकऱ्यांच्या बोलण्यात डोंगरच, ‘पर्वत’ शब्द पुस्तकांत अधिक भेटतो.

सह्याद्रीच्या डोंगरांचे रूप त्यांच्या खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. त्यातील घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. वायूच्या पोकळ्यांनी भरलेला थर लवकर झिजतो आणि तिथे उतार किंवा सपाटी होते. म्हणूनच येथील डोंगर जिन्यासारखे पायऱ्यापायऱ्यांनी चढतात. कड्याच्या निम्म्यावर असलेली, बहुधा रान माजलेली सपाटी म्हणजे पदर. गडाच्या माथ्याखालच्या लांबट सपाटीला तटबंदी घातली की ती माची, आणि तिच्यावरचा सर्वांत उंच भाग बालेकिल्ला. राजगडाच्या सुवेळा, संजीवनी व पद्मावती या तिन्ही माच्या डोंगराच्या मूळ आकारावरच बेतल्या आहेत. दुर्गस्थपतींची भूरूपाची समज इथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसते.

बाकीचे बरेच शब्द चालणाऱ्यांनी घडवले आहेत. माथ्यावरून पायथ्याकडे उतरणारी लांब रांग ती सोंड. चढायला बहुतेकदा हीच सोयीची. दोन्ही बाजूंना दरी असलेला अरुंद माथा म्हणजे धार. दोन डोंगरांमधली खोलगट जागा खिंड, तर देशावरून कोकणात उतरणारी वाट घाट. ‘पश्चिम घाट’ या नावामुळे वाटेचा हा शब्द सबंध पर्वतरांगेला चिकटला. कड्यात पाण्याने कोरलेली, दगडधोंड्यांनी भरलेली उभी अरुंद चीर म्हणजे नाळ. सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ यांतून माणसे घाटमाथा गाठतात. मुख्य डोंगरापासून सुटून एकटा उभा राहिलेला उभट खडक तो सुळका. माहुलीचा वजीर हे ठळक उदाहरण. धारेच्या खडकाला आरपार पडलेले भोक नेढे म्हणून ओळखतात. राजगड व रतनगड येथील नेढी प्रसिद्ध आहेत.

कोकणातला सडा या सगळ्यांहून वेगळा. तो जांभ्या दगडाचा सपाट माथा. उन्हाळ्यात करपलेला, पावसाळ्यात डबक्यांनी आणि इवल्या फुलांनी भरलेला. सरकारी नोंदींत अशा जमिनी अनेकदा ‘पडीक’ ठरतात, हे नाव त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. उक्षी, कशेळी, बारसू येथील प्राचीन कातळशिल्पे याच सड्यांवर कोरलेली आहेत, आणि चिरेखाणींत कापला गेलेला कातळ माणसाच्या कालमानात पुन्हा तयार होत नाही.