जुनें गोवें : एक पायफेरी

जुन्या गोव्याची फेरी मांडवीच्या धक्क्यापासूनच आरंभावी. शहराचें तोंड नदीकडेच होतें. व्हाइसरॉयच्या कमानीखालून (ही १९५४ सालीं पुन्हां उभारलेली) वर यावें. से कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ सालीं कोसळला, तो पुन्हां बांधलाच नाहीं. समोर बॉम जेझूंत संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे. बहुतेक यात्रेकरू येथूनच परततात. आपण मात्र टेकडी चढून संत ऑगस्टीनच्या मठाकडे जावें. त्याच्या देवळाचें छत १८४२ सालीं पडलें. आज मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. तापाच्या साथींनीं माणसें गेलीं, मग घरें गेलीं, १८४३ सालीं राजधानीचा मानही पणजीस गेला. येथील घंटा मात्र १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या देवळांत वाजत आहे.