मात्रा आणि दिवस

कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहास बहुतेक वेळा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो: १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले, १९५१ साली कॅनडात कोबाल्टचे यंत्र आले, मग लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, मग प्रोटॉन. पण गाठीला जास्त मात्रा द्यायची आणि शेजारचा निरोगी भाग वाचवायचा, या कामातली पहिली मोठी मजल वेळापत्रकाने मारली. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधले क्लोद रेगो एडक्यांच्या वृषणांवर प्रयोग करत होते. तिथल्या बीजपेशी गाठीतल्या पेशींसारख्या भराभर विभागतात. एकाच बैठकीत किरण देऊन एडका कायमचा निर्बीज करायचा तर वरची कातडी जळून जाई. किरण अनेक दिवसांत वाटून दिले तेव्हा बीजपेशी संपल्या आणि कातडी टिकली. हाच धागा धरून त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात घशाच्या आणि स्वरयंत्राच्या गाठींवर कित्येक आठवडे रोज थोडे किरण दिले आणि रुग्ण बरे करून दाखवले. दोन बैठकींमधल्या तासांत निरोगी पेशी आपली मोडतोड दुरुस्त करतात. गाठीच्या पेशींना ते तितके साधत नाही.

मग यंत्रांचे श्रेय काहीच नाही का? आहे, आणि मोठे आहे. जुन्या क्ष-किरणांचा सर्वाधिक मारा कातडीवरच पडे. कोबाल्टचा तो कातडीखाली सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर पडू लागला. पुढे संगणकाने किरणांना गाठीचा आकार देता आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत, लाळग्रंथी वाचवून उपचार केल्यावर वर्षभराने तोंड कोरडे पडण्याचा बऱ्यापैकी त्रास ३८ टक्के रुग्णांना होता, जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना. पण नेम सुधारला म्हणून मात्रा वाढवत न्यावी, असे ठरत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरील एका अमेरिकी चाचणीत ६० ग्रेऐवजी (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) ७४ ग्रे मिळालेले रुग्ण कमी काळ जगले.

रेगो आणि कुतार यांचा हिशेब आजही चालतो. बऱ्याच गाठींसाठी सहा-सात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस बैठका असतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढीला लागतात. म्हणूनच टाटा रुग्णालयात गावाहून येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मिळणारा निवारा मला उपचाराचाच भाग वाटतो. नवे यंत्र घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने अशा निवाऱ्याची तरतूद त्याच खर्चात धरावी.