केवळ स्वतःची रचना : शिकागोच्या एका संगीतसंस्थेची कथा

(१) १९६५. अमेरिकेतील पुलित्झर पुरस्काराच्या संगीतविषयक परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन यांच्या समग्र कार्याचा विशेष गौरव करण्याची शिफारस केली. पुरस्कार मंडळाने ती फेटाळली. कृष्णवर्णीय कलावंत थोर वादक असू शकतो. त्याला रचनाकार म्हणावे काय, हा प्रश्न त्या काळी असा अनुत्तरित होता.

(२) त्याच वर्षी, ८ मे रोजी, शिकागोच्या साउथ साइड भागात ट्रम्पेटवादक फिल कोहरन यांच्या घरी काही संगीतकार जमले. कोहरन, पियानोवादक रिचर्ड अब्राम्स व जोडी ख्रिश्चन आणि ड्रमवादक स्टीव्ह मॅकॉल या चौघांनी पोस्टकार्डे पाठवून ही बैठक बोलावली होती.

(३) निकड खरी होती. साउथ साइडचे जॅझ क्लब एकामागून एक बंद पडत होते. जे उरले, तिथे गिऱ्हाइकांच्या ओळखीच्या धून वाजवाव्या लागत. वादकांच्या संघटनाही वर्णभेदाने विभागलेल्या होत्या : गोऱ्यांची ‘लोकल १०’, कृष्णवर्णीयांची ‘लोकल २०८’. त्यांचे एकत्रीकरण १९६६ मध्ये झाले.

(४) बैठकांत सर्वाधिक खल झाला तो एका शब्दावर : ‘स्वतःचे’ संगीत म्हणजे नेमके काय? लोकप्रिय धून हेच तर पोटापाण्याचे साधन. अखेर ठरले, की उदरनिर्वाहासाठी बाहेर कोणी काहीही वाजवावे. संस्थेच्या मंचावर मात्र सभासदांच्याच रचना होतील.

(५) संस्थेचे नाव ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’, म्हणजेच एएसीएम. अब्राम्स पहिले अध्यक्ष झाले. नावात ‘जॅझ’ हा शब्द नाही, हे लक्षणीय. सभासदांनी वर्गणी भरायची आणि कार्यक्रम स्वतःच उभे करायचे, अशी रीत पडली. ऑगस्ट १९६५ पासून मैफली सुरू झाल्या.

(६) या नियमाचा परिणाम दूरगामी ठरला. मंचावर यायचे तर लिहिणे भागच होते. त्यामुळे भाड्याने वाजवणारा वादक रचनाकार होऊ लागला. १९६६ मध्ये रॉस्को मिचेल यांची ‘साउंड’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे संस्थेने मुलांसाठी मोफत संगीतशाळा चालवली. तिथेही स्वतः रचना करण्यावर भर होता.

(७) तरीही शिकागोत उपजीविका कठीणच राहिली. १९६९ मध्ये मिचेल, लेस्टर बोवी, जोसेफ जार्मन, अँथनी ब्रॅक्स्टन आदी सभासद पॅरिसला गेले. ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’ या वाद्यवृंदाची कीर्ती तिथूनच जगभर पसरली.

(८) २०१६. संगीतरचनेसाठीचे पुलित्झर पारितोषिक सॅक्सोफोन व बासरीवादक हेन्री थ्रेडगिल यांना मिळाले. ते एएसीएमच्या सुरुवातीच्या पिढीतील सभासद. एलिंग्टन यांना ज्या दारातून परत पाठवले गेले होते, त्याच दारातून ते रचनाकार म्हणून आत गेले. मधली ५१ वर्षे मान्यतेची वाट पाहण्यात गेली नव्हती. ती लिहिण्यात आणि वाजवण्यात गेली होती.