मिंबर ते मोबाइल : इस्लामी प्रवचन कसं बदललं, आणि क्लिप आली तर काय बघायचं?

जुम्याच्या दिवशी मशिदीत झालेलं बयान पूर्वी मोहल्ल्यातच राहायचं. आता त्यातलाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा संध्याकाळपर्यंत बेळगाव, कलबुर्गी, हैदराबादच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचतो. तो मुसलमान ऐकतात, तसे शेजारचे इतर धर्मीयही ऐकतात. म्हणून हा विषय सगळ्यांच्याच कामाचा आहे.

आधी चार शब्द

खुतबा : जुम्याच्या नमाजेआधी मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या पायऱ्यांच्या व्यासपीठावरून दिलं जाणारं प्रवचन. आपल्याकडे ते बहुधा अरबीत असतं.
बयान : लोकांना समजेल अशा भाषेत केलेलं धार्मिक भाषण.
दावत किंवा दावा : धर्माकडे बोलावणं.
फतवा : कुणी विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तीने दिलेलं मत. याला अनेक जण 'हुकूम' समजतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

जात्यापासून कॅसेटपर्यंत

धर्माची गोष्ट सांगायला हाताशी असेल ते साधन वापरायचं, ही रीत जुनीच. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' हा दखनी गाण्यांचा प्रकार होता. बायका दळताना ही गाणी म्हणत आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर अल्लाचं नाव घेत. अरबी-फारसी न येणाऱ्या घरांत धर्म असा बोलीतून पोचला.

पुढे छापखाना आला. लाउडस्पीकर आला तेव्हा तो नमाजेत चालतो का, यावर उलेमांमध्ये बराच वाद झाला. इजिप्तमध्ये १९७०च्या दशकात शेख अब्दुल हमीद किश्क या अंध प्रवचनकारांच्या कॅसेटी घराघरांत आणि टॅक्सींत वाजत. सरकारी रेडिओ-टीव्हीची गरजच उरली नाही.

मग सॅटेलाइट वाहिन्या आल्या. मुंबईचे डॉक्टर झाकीर नाईक यांचा 'पीस टीव्ही' २००६मध्ये सुरू झाला. सूट-टाय, इंग्रजी भाषण आणि आयतींचे क्रमांक तोंडपाठ, ही त्यांची शैली. त्यांच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१६मध्ये यूएपीए कायद्याखाली बंदी घातली. नाईक मलेशियात राहू लागले. भाषणांच्या क्लिपा मात्र इंटरनेटवर फिरतच राहिल्या.

मोबाइलने नेमकं काय बदललं?

सोय झाली, यात शंका नाही. १८६६मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमला आता घरबसल्या प्रश्न विचारता येतो. मशिदीत किंवा मदरशात सहज जाता न येणाऱ्या मुली-बायकांनाही शिकण्याची वाट मिळाली.

पण सगळंच ऑनलाइन होत नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये प्रश्न आला, मोबाइलवरच्या इमामामागे घरी बसून जुम्याची नमाज होते का? बहुतेक उलेमांनी नाही म्हणून सांगितलं. जमात एका जागी हवी. तसं शक्य नसेल तर घरीच जोहरची नमाज पढा.

खरा फरक पडला तो सनदीत. सनद म्हणजे कुणाकडून कुणी ऐकलं त्याची साखळी. हदीस स्वीकारताना मजकुराइतकंच सांगणाऱ्यांच्या या साखळीला महत्त्व असतं. मदरशातही उस्तादांची इजाजत मिळाल्यावर पुढे शिकवायचं, अशी परंपरा आहे. मोबाइलवर ही साखळी दिसत नाही. वीस वर्षं शिकलेला आलिम आणि काल चॅनल काढलेला मुलगा स्क्रीनवर एकाच मापाचे दिसतात. वर कोण दिसणार, हे अल्गोरिदम ठरवतो. भडक बोलणाऱ्याचं फावतं, शांत बोलणारा मागे पडतो.

तुकडा फिरला की काय होतं?

तबलिगी जमात १९२०च्या दशकात मेवातमध्ये मौलाना मुहम्मद इलियास यांनी उभी केली. तिचा भर दारोदार जाऊन समोरासमोर बोलण्यावर. टीव्हीपासून ती लांबच राहत आली. तरी २०२०मध्ये कोरोना पसरवल्याचा ठपका ठेवून तिच्याबद्दलच्या क्लिपांनी सोशल मीडिया भरून गेला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं, असं सांगत कोर्टाने माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. तोवर गावोगावी जे बोललं जायचं ते बोलून झालं होतं.

फतव्याचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४च्या निकालात स्पष्ट केलं आहे की फतव्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही. पण मूळ प्रश्न गाळून फक्त उत्तर फिरवलं की एका माणसाच्या अडचणीवरचं मत 'सगळ्यांसाठीचा हुकूम' होऊन बसतं.

क्लिप आली तर

- बोलणारा कोण? कुठे शिकला, कुठल्या मशिदीशी किंवा संस्थेशी जोडलेला आहे?
- बयान कधीचं, कुठलं? जुनं किंवा परदेशातलं तर नाही?
- पूर्ण भाषण मिळतं का? आधीची-नंतरची पाच मिनिटं ऐका.
- फतवा असेल तर प्रश्न काय होता?
- भाषांतर कुणी केलं? उर्दू-अरबी शब्दाचा मराठी-कन्नड मथळा मूळ अर्थाला धरून आहे का?

एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर गावातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा ओळखीच्या जाणत्या माणसाला विचारा. उत्तर मिळेपर्यंत क्लिप पुढे पाठवू नका.